उलट्या पावलांच्या वन्सं

साऱ्या पुणे शहरात सरळ चालणाऱ्या बायका हव्या तेवढ्या मिळतील, पण उलटं चालावं ते माझ्या नणंदेनेच. मागे वळून न बघता, कुठे न अडखळता, पाठीला दोन डोळे असल्यासारख्या त्या चालतात. सकाळी गॅसपाशी उभ्या राहून चहा गाळायच्या आणि भरलेले कप घेऊन तशाच उलट्या बाहेरच्या खोलीत यायच्या. कप हिंदकळायचा नाही, उंबऱ्याला टाच लागायची नाही. माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ. पहिल्या दिवशी त्यांनी बहिणीची पाठ आपल्याकडे येताना पाहिली, पेपर खाली ठेवला आणि घाबरून विचारलं, "ताई, रुसलीस का?" वन्सं म्हणाल्या, "रुसले नाही, शिकतेय. पाय आत घे."

वन्सं शहर बसमध्ये कंडक्टर होत्या. त्यांचे यजमान त्याच बससेवेत ड्रायव्हर होते. ते अचानक वारले आणि त्यांच्या जागी वन्संना नोकरी मिळाली. मुलगी तेव्हा लहान होती. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत वन्संनी सगळे दिवस खच्चून भरलेल्या गाडीत उभ्याने काढले, त्यामुळे "पुढे सरका" हे त्यांच्या तोंडात कायमचं बसलं आहे. मुलीचं लग्न झाल्यावर त्या धायरीला आमच्याकडे राहायला आल्या आणि आमची दोन खोल्यांची जागा एकदम शिस्तीत चालायला लागली. पाहुणा दारात रेंगाळला की "आत मोकळं आहे, आत व्हा." सत्यनारायणाच्या प्रसादाला रांग लागली की गुरुजींपेक्षा त्यांचाच आवाज मोठा. एकदा मला ताप आला म्हणून त्या मला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे दारात गर्दी होती. वन्संनी सगळ्यांना असं काही आत सरकवलं की थोड्या वेळाने डॉक्टरच बाहेर येऊन उभे राहिले.

हे उलटं चालणं त्यांना कुठून सुचलं, तर बसच्या खिडकीतून. त्यांची गाडी रोज संध्याकाळी एका सिग्नलला थांबायची. समोर तळमजल्यावर एक हॉल होता. त्याच्या काचांना वरपासून गुडघ्यापर्यंत कागद चिकटवलेला होता आणि खाली उरलेल्या पट्टीतून फक्त पाय दिसायचे. पुरुषांचे पाय पुढे यायचे, बायकांचे पाय मागे जायचे. पाय कधी थांबायचे, कधी एकमेकांना वळसा घालायचे, पण एकमेकांवर पडायचे नाहीत. वन्सं मला सांगायच्या, "अगं, चेहरे नाहीत, काही नाही, नुसते पाय. पण कुठली बाई धास्तावलेली आहे आणि कुठली मजेत आहे, ते पायांवरून कळायचं. तेवढ्यात सिग्नल सुटायचा." वर्षानुवर्षं त्यांनी तो नाच असा हप्त्याहप्त्याने पाहिला. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या त्याच बसने गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा त्या सिग्नलजवळच्या स्टॉपवर उतरल्या आणि आत शिरल्या. त्या नाचाला टँगो म्हणतात हे त्यांना आत गेल्यावर समजलं.

तिथे शिकवायला एक तरुण मुलगी होती. दिवसा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची आणि संध्याकाळी नाच शिकवायची. तिला सगळे मॅडम म्हणत आणि ती वन्संना काकू म्हणे. वन्सं घरी आल्या की मॅडमनी शिकवलेलं सगळं मला पुन्हा शिकवायच्या. पाय गुडघ्यातून मागे टाकायचा नाही, कमरेतून टाकायचा. आधी अंगठा जमिनीवरून सरकत जातो, मग चवडा टेकतो, मग टाच. खाली बघायचं नाही. आणि वजन एका वेळी एकाच पायावर ठेवायचं म्हणजे दुसरा पाय मोकळा राहतो. "दोन्ही पायांवर वजन टाकून उभी राहिली की ती बाई नाचणार नाही," वन्सं म्हणायच्या, "दारात अडकलेल्या पॅसेंजरसारखी. ना आत, ना बाहेर." चालत्या गाडीत दांडा न धरता उभं राहायची सवय असल्यामुळे त्यांचा तोल पक्का होता. मॅडम बाकीच्या बायकांना सांगायच्या, "गाईज, काकूंचा बॅलन्स बघा." वन्संना गाईज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण कौतुक आहे एवढं कळायचं.

सगळंच काही लगेच जमलं असं नाही. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, आता पायाने आठ काढायचा. बाकीच्या बायकांनी इकडे वळसा, तिकडे वळसा घेऊन दोन गोल काढले. वन्संनी आपला मराठी आठ काढला. एक तिरकी रेघ, दुसरी तिरकी रेघ, आणि सरळ भिंतीपाशी जाऊन थांबल्या. मॅडमनी विचारलं, "काकू, तिकडे कुठे?" वन्सं म्हणाल्या, "माझा आठ संपला."

चालताना दोन्ही घोटे एकमेकांना घासून गेले पाहिजेत, नाहीतर पाय फाकलेले दिसतात, असंही मॅडमनी सांगितलं होतं. आता घोटा घासला की नाही हे वर बघत चालणाऱ्या बाईला कसं समजणार? वन्संनी त्यावर उपाय काढला. उजव्या घोट्याला आतल्या बाजूने ओली हळद लावायची आणि गच्चीवर चालायचं. चालून झाल्यावर डाव्या घोट्याला हळद लागलेली दिसली तर चाल बरोबर. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमच्या घरात काय चाललं आहे याची फार काळजी असते. त्यांनी जिन्यात पिवळे घोटे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई, पाय मुरगळला वाटतं?" वन्सं न थांबता म्हणाल्या, "नाही हो. लग्न ठरलंय त्यांचं, एकमेकांशी. आहेर आणू नका."

या काकू मग एकदा तिन्हीसांजेला वाळवण काढायला गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीमागून एक बाई पाठमोरी, आवाज न करता त्यांच्याकडेच येत होती. काकूंनी तिचा चेहरा बघायची वाट पाहिली नाही. कुरडया तिथेच टाकून त्या खाली आल्या आणि सोसायटीत बातमी पसरली की गच्चीवर उलट्या पावलांची हडळ आहे. वन्संनी कुरडया भरून त्यांच्या दारात नेऊन दिल्या आणि म्हणाल्या, "हडळीने पाठवल्यात. दोन खाल्ल्यात मी, मीठ कमी आहे."

रविवारी आम्ही दोघी मार्केट यार्डात भाजी आणायला जायचो. तिथेही त्यांचा सराव चालायचा. डोक्यावर पोती घेतलेले हमाल "बाजू, बाजू" करत येत आणि समोरून वन्सं पाठमोऱ्या, हातात कोथिंबिरीची जुडी. एक हमाल वैतागून ओरडला, "ओ मावशी, रिव्हर्सला हॉर्न तरी लावा की!" वन्सं तशाच एका पायावर वळून त्याच्या पोत्याच्या बाजूने निघून गेल्या आणि म्हणाल्या, "हॉर्न नवख्यांना लागतो." मी मात्र तोंडावर पदर धरून दहा पावलं मागे होते, जणू माझी यांची ओळखच नाही. माझा स्वभावच तसा. चार माणसांनी माझ्याकडे बघितलं की माझे पाय जड होतात. बस स्टॉपवर हात दाखवायलासुद्धा मी लाजते, दुसऱ्या कुणी दाखवला तर बस थांबते, नाहीतर जाते. वन्सं या गोष्टीवर फार चिडायच्या. "अगं, हात दाखवल्याशिवाय ड्रायव्हरला कसं कळणार की तुला जायचंय?"

तर एवढं चांगलं चालणाऱ्या वन्संचं गाडं अडलं ते थांबण्यापाशी. टँगोत पुरुषाने पाऊल सुचवायचं आणि मग बाईने टाकायचं. तोवर एका पायावर वजन ठेवून वाट बघायची. वन्संना सगळं यायचं, वाट बघता यायची नाही. त्यांच्या जोडीला बँकेतून रिटायर झालेले एक साहेब दिले होते. ते पाऊल उचलायचा विचार करेपर्यंत वन्सं तीन पावलं मागे जाऊन त्यांना ओढून न्यायच्या. मॅडम ओरडायच्या, "काकू, तुम्ही लीड करताय! वेट करा ना, त्यांना ठरवू दे." वन्सं म्हणायच्या, "ते ठरवेपर्यंत गाडी डेपोत जाईल." एकदा हॉलच्या कोपऱ्यात चार जोड्या अडकल्या, तेव्हा वन्संनी नाचता नाचताच आवाज दिला, "चला, पुढे मोकळं आहे, पुढे सरका!" आणि सगळा हॉल सरकला. बँकेच्या साहेबांनी शेवटी मॅडमकडे जाऊन हात जोडले. म्हणाले, "मी नाचलो असं मला वाटत नाही. मला शेवटच्या स्टॉपवर उतरवण्यात आलं."

त्या हॉलमध्ये वर्षातून एकदा मोठी नाचाची संध्याकाळ असते. बाहेरचे पाहुणे येतात, खुर्च्या मांडतात, दिवे लावतात. वन्संना एवढंच हवं होतं की त्या संध्याकाळी एक पूर्ण फेरी, म्हणजे लागोपाठ तीन-चार गाणी, आपण बाईच्या पावलांनी नाचायची. क्लासमध्ये पुरुष कमी होते, म्हणून मॅडमनी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही पुरुषाचा भाग करता का? तुम्हाला सूट होईल." वन्संना ते फार लागलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते मी घरी आणि नोकरीत इतकी वर्षं करतेच आहे. त्यासाठी मी बसमधून उतरले नाही." मॅडम म्हणाल्या, "मग थांबायला शिका. नाहीतर त्या दिवशी कुणी तुमच्याबरोबर येणार नाही."

म्हणून गच्चीवर माझी नेमणूक पुरुष म्हणून झाली. मी नको नको म्हणत होते, पण वन्संपुढे आमच्या यजमानांचं चालत नाही, तिथे माझं काय! मी पुढे चालायचं आणि त्यांनी मागे. अडचण अशी की त्यांना थांबता येत नव्हतं आणि मला निघता येत नव्हतं. मी त्यांना धरून नुसती उभी राहायचे. वन्सं थोडा वेळ कळ काढायच्या, मग म्हणायच्या, "निघतेस का? का पॅसेंजरची वाट बघतेस?" आणि स्वतःच मला घेऊन टाकीपर्यंत जायच्या. परत आल्यावर स्वतःलाच रागवायच्या, "बघ, परत मीच नेली गाडी."

शेवटी त्यांनी ते स्वतःच्या भाषेत बसवलं. मला समोर उभं करून म्हणाल्या, "हे बघ, पुरुष म्हणजे ड्रायव्हर आणि बाई म्हणजे कंडक्टर. गाडी चालवायची त्याने. मी चाक हातात घ्यायचं नाही. पण माणसं नीट चढली, सगळं ठीक आहे, हे त्याला सांगणार कोण? कंडक्टर. एक बेल दिली की थांब, दोन दिल्या की चल." मॅडमनी हे ऐकलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काकू, टँगोमध्ये बेल नसते." वन्सं म्हणाल्या, "म्हणूनच लोक धडकतात."

ती संध्याकाळ आली. वन्संनी मोतिया रंगाची साडी नेसली, निऱ्या वर खोचून पावलं मोकळी ठेवली आणि चांभाराकडून मऊ तळ लावून घेतलेले बूट घातले. मला त्यांनी सोबतीला नेलं. काचांवरचा कागद त्या दिवशी काढलेला होता, म्हणून मी रस्त्याकडे पाठ करून बसले. आत पद्धत अशी होती की कुणी कुणाला बोलवायला उठून जायचं नाही. पुरुषाने लांबूनच बाईकडे बघायचं, तिनेही बघितलं आणि मान हलवली की मग त्याने यायचं. नको असेल तर तिने दुसरीकडे बघायचं. आता वन्संची नजर म्हणजे गर्दीतून बिनतिकिटाचा माणूस हुडकून काढणारी. त्या ज्याच्याकडे बघतील तो मान खाली घालायचा. एका उंच गृहस्थाने तर नकळत खिसा चाचपला. बँकेचे साहेब खांबापलीकडे जाऊन बसले ते दिसलेच नाहीत.

एक फेरी झाली, दुसरी झाली. समोसे आले. वन्सं ताठ बसून होत्या, गुडघ्याला गुडघा, घोट्याला घोटा. तिसऱ्या फेरीला त्यांनी बघायचं सोडून दिलं आणि बुटाची पट्टी सैल केली. "पाय दुखतायत गं," म्हणाल्या. त्यांचे पाय कधी दुखत नाहीत. चालत्या गाडीत उभी राहिलेली बाई ती. मॅडमनी पुढून सांगितलं की आता शेवटची फेरी.

मला अजून कळत नाही मी कशी उठले ते. पाणी प्यायला म्हणून उठले होते असं मी नंतर यजमानांना सांगितलं, पण पाण्याचं पिंप दुसऱ्या बाजूला होतं. मी हॉल ओलांडून समोरच्या रिकाम्या खुर्च्यांपाशी गेले आणि वळून वन्संकडे बघितलं. माझे कान तापले होते. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वन्संनी आधी मागे वळून पाहिलं की ही कुणाला बोलावते आहे. मागे भिंत होती. मग त्यांनी खाली वाकून बुटाची पट्टी घट्ट केली.

गाणं सुरू झालं आणि मी पाऊल पुढे टाकलं. वन्संचं पाऊल मागे गेलं, अंगठा, चवडा, टाच. त्यांनी डोळे मिटले होते. मी कोपऱ्यापर्यंत बरी गेले. मग माझं लक्ष काचेकडे गेलं. बाहेर सिग्नलला बस उभी होती आणि खिडक्यांतून लोक आत बघत होते. माझे पाय तिथेच गोठले. आता वन्सं मला ओढून नेणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, न्यावं असंच वाटत होतं. पण वन्सं हलल्या नाहीत. बाजूने जोड्या निघून जात होत्या आणि त्या एका पायावर वजन ठेवून, दुसरा पाय मोकळा सोडून, गप्प उभ्या होत्या. कुणाला "पुढे सरका" म्हणाल्या नाहीत. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. बाहेरची बस गेली. आणि मग माझ्या पाठीवर, त्यांचा हात होता तिथे, बोटाने दोनदा वाजलं. टक, टक.

मी निघाले. त्यानंतर फेरी संपेपर्यंत मी कुठे कुठे गेले ते आठवत नाही, पण धडकले कुणाला नाही. शेवटच्या गाण्याला वन्संनी डावा पाय उजव्यापुढून आडवा नेऊन अलगद टेकवला तेव्हा मॅडमनी लांबून अंगठा दाखवला. बँकेचे साहेब खांबाबाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. वन्सं त्यांना म्हणाल्या, "आता या बाहेर, गाडी गेली."

घरी जाताना स्टॉपवर मी हात दाखवला. बस थांबली. वन्सं खिडकीपाशी बसल्या आणि बूट काढून मांडीवर घेतले. वडगावचा पूल मागे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझे भावजी गाडी छान चालवायचे. बेल मिळेपर्यंत क्लच सोडायचे नाहीत. लोक सांगायचे मला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांच्या गाडीवर मला कधी बेल द्यायला मिळाली नाही गं. ते गेले तेव्हा मी लागले." मी त्यांचे बूट माझ्या पिशवीत ठेवले.

आता वन्सं शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात लेकीकडे असतात. तिला बाळ झालं, त्याला सांभाळायला कुणी हवं होतं. उसाच्या शेताला लागून नवी इमारत आहे, लिफ्ट आहे, गच्चीला मात्र कुलूप आहे म्हणे. फोन केला की बाळाचं सांगतात, नव्या गाड्यांत बेलची दोरी जाऊन बटण आलं म्हणून बटणाला नावं ठेवतात, आणि शेवटी विचारतात, "चालतेस ना?" मी हो म्हणते. कपडे वाळत घातले की मी गच्चीवर एक चक्कर मारते, पुढे बघत, हात कुणाला तरी धरल्यासारखे. खालच्या काकू जिन्यातूनच डोकावून परत जातात. टाकीपाशी पोचले की मी थांबते. पाठीवर दोनदा वाजायची वाट बघत थोडा वेळ उभी राहते. धायरीच्या रस्त्यावरून एखादी बस जाते. मग मी आपली मीच निघते.